सहा मिनिटांत किती चाललं म्हणजे 'नॉर्मल'?

वय ६०, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. पुरुष, निरोगी, रोज सकाळी फिरायला जाणारे. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीत त्यांचं अंतर भरलं ४८० मीटर. रिपोर्टवर या ४८० च्या शेजारी आणखी एक आकडा छापलेला असतो, 'प्रेडिक्टेडच्या इतके टक्के', म्हणजे सूत्राने काढलेल्या अपेक्षित अंतराच्या किती टक्के चाललात. घरी आल्यावर सगळे बघतात तो हाच, कारण टक्के बघायची सवय आपल्याला शाळेपासूनची. आणि नेमका हाच आकडा सगळ्यात बेभरवशाचा.

तो काढायची सूत्रं बरीच आहेत. मशीनमध्ये किंवा एक्सेलच्या शीटमध्ये त्यातलं कुठलं घातलंय, ते रिपोर्टवर बरेचदा लिहिलेलंच नसतं. याच गृहस्थांचा हिशेब पाच सूत्रांनी करून बघू. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत, वय वर्षांत.

एनराइट आणि शेरिल यांचं अमेरिकेतलं १९९८ सालचं सूत्र पुरुषांसाठी असं आहे: ७.५७ × उंची, वजा ५.०२ × वय, वजा १.७६ × वजन, वजा ३०९. उत्तर ५१९ मीटर. म्हणजे ४८० हे ९२ टक्के.

ट्रूस्टर्स आणि सहकाऱ्यांचं बेल्जियममधलं १९९९ सालचं: २१८ + ५.१४ × उंची, वजा ५.३२ × वय, वजा १.८० × वजन, आणि पुरुष असेल तर अधिक ५१.३१. उत्तर ६७६ मीटर. आता ४८० झाले ७१ टक्के.

गिबन्स यांचं कॅनडातलं २००१ सालचं सूत्र उंची-वजन विचारतच नाही. ८६८.८ वजा २.९९ × वय, स्त्री असेल तर आणखी ७४.७ वजा. उत्तर ६८९. म्हणजे ७० टक्के.

कासानोव्हा यांचं २०११ सालचं, सात देशांतल्या ४४४ निरोगी माणसांवरून काढलेलं: ३६१, वजा ४ × वय, अधिक २ × उंची, वजा १.५ × वजन, स्त्री असेल तर वजा ३०, आणि यात एक वेगळी भर. चालताना नाडी जास्तीत जास्त जितकी गेली, ती '२२० वजा वय' याच्या किती टक्के होती ते बघायचं आणि त्या टक्क्यांची तिप्पट मिळवायची. आपल्या गृहस्थांची नाडी १२० पर्यंत गेली असं धरू, म्हणजे १६० च्या ७५ टक्के. उत्तर ५७४ मीटर, आणि ४८० म्हणजे ८४ टक्के.

शेवटचं भारतीय, २०१४ साली 'लंग इंडिया'मध्ये छापून आलेलं, २५ ते ८० वयोगटासाठी. पुरुषांसाठी ५६१.०२२, वजा २.५०७ × वय, अधिक १.५०५ × वजन, वजा ०.०५५ × उंची. उत्तर ५०४. म्हणजे ९५ टक्के.

तोच माणूस, तेच पाय, तीच सहा मिनिटं. निकाल सत्तरपासून पंच्याण्णवपर्यंत कुठेही. एका सेंटरमधून 'क्षमता कमी' असा शेरा आणि दुसरीकडून 'उत्तम' असा, आणि दोघांचंही गणित बरोबर. म्हणून टक्के वाचायच्या आधी सूत्र कुणाचं ते विचारावं, आणि सूत्र कळलं की ज्या लोकांवरून ते काढलं ती माणसं कशी चालली होती ते बघावं. बाकीचा सगळा मामला यातच आहे.

पुढे जाण्याआधी एक घोळ दूर करू, कारण 'सहा मिनिटं चालणे' म्हटलं की पुण्यात अजूनही लोकांना कोविड आठवतो. तेव्हा बोटाला ऑक्सिमीटर लावून घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं आणि ऑक्सिजन किती उतरतो ते बघायचं, असं सांगितलं जायचं. त्यात अंतर कुणी मोजत नव्हतं. हॉल ते किचन चाललं तरी चालायचं. इथे ज्या चाचणीबद्दल लिहितोय तिच्यात अंतर हाच निकाल आहे, ऑक्सिजन आणि नाडी सोबतीला. दोन्हींची सरमिसळ करून 'मी घरी केली होती, नॉर्मल आली' असं म्हणता येत नाही.

आणि एक सोपा हिशेब. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग. त्यामुळे मीटरला शंभराने भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. ४८० मीटर म्हणजे ताशी ४.८ किलोमीटर. ६०० म्हणजे ताशी ६, ही चांगली झपझप चाल. ७०० च्या पुढे पाय आपोआप पळायला बघतात, आणि या चाचणीत पळायची परवानगी नाही. तिशीतल्या धडधाकट माणसासाठी ही चाचणी म्हणूनच फारशी उपयोगाची नाही. त्याची फुप्फुसं आणि हृदय अजून आरामात असतात, अंतर अडतं ते पायांच्या लांबीवर आणि चालण्याच्या ढबीवर. पाचशे-सहाशे मीटरच्या आसपासच्या निरोगी ज्येष्ठांसाठी आणि दम्याच्या, सीओपीडीच्या (फुप्फुसांतली हवेची वाट अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराच्या), हृदयाच्या रुग्णांसाठी मात्र ती चोख काम करते.

आता सूत्रांत एवढी तफावत कुठून आली ते बघू. ट्रूस्टर्सकडची माणसं ५० मीटरच्या कॉरिडॉरमध्ये चालली आणि त्यांना दर अर्ध्या मिनिटाला हुरूप दिला जात होता. गिबन्सकडे कॉरिडॉर २० मीटरचा, पण प्रत्येकाला चार वेळा चालवलं आणि त्यातलं सगळ्यात जास्त अंतर धरलं. एनराइटकडे ४० ते ८० वयाचे लोक होते, पुरुषांचा मध्यक (मीडियन, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे खाली) ५७६ मीटर आणि स्त्रियांचा ४९४. ट्रूस्टर्सकडे ५० ते ८५ वयाचे ५१ जण होते आणि सरासरी ६३१. जास्त वयाचे लोक जास्त चालले, याचा अर्थ बेल्जियमचे म्हातारे अमेरिकनांपेक्षा तगडे असा लावण्यापेक्षा चाचणी घेण्याची पद्धत वेगळी होती असा लावणं शहाणपणाचं. अर्थात सगळं पद्धतीवर ढकलून भागत नाही. कासानोव्हा यांच्या अभ्यासात सगळीकडे एकच पद्धत ठेवली होती, ३० मीटरचा कॉरिडॉर आणि दोन-दोन वेळा चालणं, तरीही देशादेशांत फरक उरलाच, आणि तो उंची-वजनाने समजावता आला नाही. चालायची सवय, शहराचा वेग, चाचणी किती मनावर घेतली जाते, हे कुठल्या सूत्रात कसं बसवणार?

कॉरिडॉरच्या लांबीचा परिणाम सगळ्यात ढोबळ आणि सगळ्यात दुर्लक्षित. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ साली ठरवलेलं माप ३० मीटर. २०१४ च्या युरोपियन आणि अमेरिकन संस्थांच्या एकत्रित नियमावलीतही ३० मीटर किंवा त्याहून जास्तच आहे. तीस मीटरवर ४८० मीटर म्हणजे १६ लांब्या आणि १५ वळणं. दहा मीटरवर तेच अंतर कापायला ४७ वळणं. प्रत्येक वळणाला माणूस वेग कमी करतो, पाय फिरवतो, पुन्हा वेग घेतो. सीओपीडीच्या रुग्णांना दोन्ही लांब्यांवर चालवून बघितलं तेव्हा १० मीटरवर सरासरी ४९.५ मीटर कमी भरले. आणि पुण्यातल्या कितीतरी दवाखान्यांत १० ते १५ मीटरपेक्षा मोकळी सरळ जागा नसते, हे तिथे काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. तिथलं अंतर ३० मीटरवाल्या सूत्रात घातलं की पन्नासेक मीटर हवेत गेले. उलट बाजूने, सोसायटीच्या बागेतल्या गोल ट्रॅकवर चाललात तर वळणंच नाहीत. न थांबता गोल चालण्याच्या मार्गावर रुग्ण सरळ मार्गापेक्षा सुमारे २८ मीटर जास्त चालतात असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. ट्रेडमिलवर तर करूच नये. पट्ट्याची सवय नसलेला माणूस त्यावर कमी चालतो आणि यातलं एकही सूत्र ट्रेडमिलसाठी काढलेलं नाही.

तीस मीटर कुठे मिळतात? जुन्या इमारतींचे लांब व्हरांडे उत्तम, फक्त ओपीडीची वेळ टाळावी. नव्या सोसायट्यांचे पोडियम लांब असतात, पण पाणी वाहून जावं म्हणून त्यांना उतार दिलेला असतो, तो डोळ्याला दिसत नाही आणि पायाला कळतो. बेसमेंट पार्किंगमध्ये गाडी कधी येईल सांगता येत नाही. उघड्यावर करायची तर एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर, आणि डिसेंबर-जानेवारीत उलट, जरा ऊन पडू द्यावं. थंडीत बोटं गार पडतात आणि ऑक्सिमीटर वाट्टेल ते दाखवतो. मोजायला हार्डवेअरच्या दुकानात ३० मीटरची फायबर टेप मिळते, तीच घ्यावी. फरशा मोजून अंतर धरायचं असेल तर ६०० मिलिमीटरच्या ५० फरशा म्हणजे ३० मीटर आणि वर सांध्यांची थोडी भर, पण फरशी खरंच ६०० ची आहे का ते एकदा टेप लावून बघावं. मोबाइलचं जीपीएस इमारतीत निरुपयोगी. पावलं मोजणारं घड्याळ पावलांना गृहीत धरलेल्या लांबीने गुणतं, तेही नको.

दोन्ही टोकांना कोन (रस्त्यावर ठेवतात तसले प्लास्टिकचे शंकू) ठेवायचे, जमिनीवर दर ३ मीटरला रंगीत चिकटपट्टी. कोन ठेवण्याची जागा म्हणजे वळण्याची जागा, आणि ३० मीटर मोजायचे ते याच दोन जागांमधले. कोन भिंतीला अगदी चिकटवून ठेवला तर वळायला जागा उरत नाही, माणूस अलीकडूनच फिरतो आणि दर वळणाला अर्धा मीटर खातो. आठ फेऱ्यांत दोन्ही टोकांचे मिळून आठेक मीटर गेले. कोनाच्या पुढे निदान मीटरभर मोकळं हवं. एक फेरी म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर. फेऱ्या तोंडी मोजू नयेत. सातवी की आठवी हा वाद ६० मीटरचा असतो. प्रत्येक फेरीला कागदावर रेघ मारावी किंवा जपाला वापरतात तसा हातातला काउंटर घ्यावा. सहा मिनिटं संपली की माणूस जिथे आहे तिथे थांबवायचा, पायाजवळ पट्टी लावायची आणि शेवटच्या अर्धवट फेरीचे मीटर मोजून मिळवायचे.

चालण्याआधी दहा मिनिटं खुर्चीत बसवणं सक्तीचं. त्याच वेळेत नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन घ्यायचा, आणि दम व पायांचा थकवा शून्य ते दहाच्या बोर्ग स्केलवर विचारून ठेवायचा. वॉर्म-अप नाही. चाचणीच्या आधी दोन तास दमवणारा व्यायाम नको, म्हणजे सकाळी पर्वती चढून यायचं आणि नऊ वाजता चाचणीला उभं राहायचं हे बाद. हलका नाश्ता चालतो, रोजची औषधं घ्यायचीच. महिनाभरात हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा छातीत अस्थिर दुखणं असेल तर चाचणी करायची नाही. बसून असताना नाडी १२० च्या वर, किंवा रक्तदाब वरचा १८० च्या किंवा खालचा १०० च्या वर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

कपडे आणि पायताण यावर रिपोर्टमध्ये कुणी शब्द लिहीत नाही, पण फरक पडतो. आपल्याकडे दवाखान्याच्या दारात चपला काढायची पद्धत. मग माणूस गुळगुळीत फरशीवर मोज्यांत किंवा अनवाणी चालतो. मोजे घसरतात आणि अनवाणी माणूस वळणाला जपून पाय टाकतो. चाचणीच्या नियमावलीत चालायला योग्य बूट घालावेत असंच सांगितलं आहे. तेव्हा घरून बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल पिशवीत आणावी, आत आल्यावर घालावी. साडी नेसणाऱ्या आजींना निऱ्या जरा वर खोचायला सांगावं. रोज काठी वापरत असतील तर काठीसकटच चालवावं आणि तसं लिहावं.

सूचनेतले शब्दही ठरलेले आहेत. "सहा मिनिटांत जितकं जास्त अंतर चालता येईल तितकं चाला. पळायचं नाही. दम लागला तर वेग कमी करा, थांबा, भिंतीला टेका, पण जमेल तेव्हा पुन्हा चालू लागा." इथे 'जितकं भरभर चालता येईल तितकं' असं म्हटलंत तर अंतर सुमारे ५० मीटरने वाढतं, म्हणजे वाक्य बदलून निकाल बदलला. मध्ये मध्ये बोलायचं तेही ठरलेलं, दर मिनिटाला एकदा, एकाच सुरात. पहिलं मिनिट झालं की "छान चालताय, अजून पाच मिनिटं आहेत." दुसऱ्याला "असंच चालू ठेवा, अजून चार मिनिटं." तिसऱ्याला "छान चालताय, निम्मं झालं." चौथ्याला "असंच चालू ठेवा, दोनच मिनिटं राहिली." पाचव्याला "छान चालताय, आता एकच मिनिट." पंधरा सेकंद उरले की, थोड्या वेळात थांबा म्हणेन, मी सांगितलं की जागेवरच उभे राहा, असं सांगून ठेवायचं. यापलीकडे "चला काका, अजून जोरात!" वगैरे काही नाही. गायट यांनी १९८४ मध्येच दाखवलं होतं की नुसत्या प्रोत्साहनाने ३० मीटरचा फरक पडतो. आणि सोबत आलेल्या मुलाला किंवा सुनेला कॉरिडॉरबाहेर बसवावं, कारण आपली माणसं गप्प बसत नाहीत.

चाचणी घेणाऱ्याने शेजारून चालू नये. शेजारी चालणाऱ्याच्या वेगाला माणूस वेग जुळवतो. ऑक्सिमीटरकडे बघत चालायचंच असेल तर मागून चालावं, किंवा खांद्याला अडकवायचं यंत्र वापरावं. ऑक्सिजनचा सगळ्यात खालचा आकडा चालतानाच सापडतो. चाचणी संपल्यावर बोट धरून बसलं की तोवर तो वर आलेला असतो. ८० टक्क्यांच्या खाली गेला तर थांबवायचं, ८५ च्या वर आला की पुन्हा चालू द्यायचं, पण घड्याळ तोवर चालूच ठेवायचं. घड्याळ थांबवणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. विश्रांतीची सेकंदं चाचणीचाच भाग आहेत. नखांवर गडद नेलपॉलिश असेल तर आधी पुसून घ्यावं. छातीत दुखणं, तोल जाणं, पायात गोळे, चेहरा पांढरा पडणं, दरदरून घाम, यातलं काहीही दिसलं की चाचणी संपली.

आता प्रश्न ८० टक्क्यांचा. स्पायरोमेट्रीच्या (नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायच्या चाचणीच्या) जुन्या सवयीने '८० च्या वर नॉर्मल, खाली अॅबनॉर्मल' अशी रेघ इथेही मारली जाते. ती इथे लागू नाही. ५५ वर्षांच्या एक बाई घ्या, उंची १५२, वजन ६०. एनराइटचं स्त्रियांचं सूत्र: २.११ × उंची, वजा २.२९ × वजन, वजा ५.७८ × वय, अधिक ६६७. उत्तर ५३२ मीटर. त्या चालल्या ४१०. टक्केवारी ७७, म्हणजे ८० च्या हिशेबाने नापास. पण याच सूत्रासोबत खालची मर्यादा दिलेली आहे. स्त्रियांसाठी उत्तरातून १३९ मीटर वजा करायचे, पुरुषांसाठी १५३. या बाईंची मर्यादा ३९३ मीटर, आणि ४१० तिच्या वर आहेत. निरोगी लोकांतले पाच टक्केच या मर्यादेच्या खाली सापडतात, म्हणून 'खाली आहे का' हा प्रश्न तिच्याशी ताडून विचारायचा. आधीच्या गृहस्थांची मर्यादा ३६६ येते, त्यांचे ४८० निवांत वर आहेत.

मर्यादा एवढी सैल का? कारण वय, उंची, वजन एवढ्यावर माणसाचं चालणं ठरत नाही. एनराइटच्या सूत्राने निरोगी लोकांमधला फरक पुरुषांत ४२ टक्के आणि स्त्रियांत ३८ टक्केच उलगडतो. ट्रूस्टर्सचं ६६ टक्के उलगडतं, पण तिथे माणसं फक्त ५१.

भारतीय सूत्रं वापरावीत का? तत्त्वतः होय, आणि निदान तुलनेला तरी हवीतच. पण डोळे मिटून नको. वरच्या भारतीय सूत्रात पुरुषांच्या वजनासमोर अधिकचं चिन्ह आहे हे लक्षात आलं असेल. याचा अर्थ वजन वाढलं की अपेक्षित अंतर वाढतं. तेच साठीचे गृहस्थ ६८ ऐवजी ११० किलोचे असते तर एनराइट ४४५ मीटरची अपेक्षा ठेवतात आणि हे सूत्र ५६७ मीटरची. सव्वाशे मीटरच्या आसपास फरक, तोही एकाच माणसासाठी. ज्या नमुन्यात बहुतेक लोक सडपातळ असतात तिथे जास्त वजन म्हणजे बरेचदा जास्त स्नायू, म्हणून असं चिन्ह येऊ शकतं. ते स्थूल माणसाला लावायचं नाही. स्त्रियांच्या सूत्रात मात्र वजन वजाच आहे: ३०.३२५, वजा ०.८०९ × वय, वजा २.०७४ × वजन, अधिक ४.२३५ × उंची. वरच्या बाईंसाठी ५०५ मीटर, म्हणजे त्यांचे ४१० इथे ८१ टक्के. कुठलंही सूत्र ज्या वयाच्या, बांध्याच्या लोकांवरून काढलं त्यांच्याबाहेर ताणू नये. चाळीस ते ऐंशीचं सूत्र पंचवीस वर्षांच्या मुलाला लावलेलं बघितलं की वाईट वाटतं.

उंचीचं एक निराळंच. एनराइटच्या पुरुषांच्या सूत्रात एका सेंटिमीटरला साडेसात मीटर. आजोबा त्यांची तरुणपणची उंची सांगतात आणि आज ते प्रत्यक्षात पाच सेंटिमीटरने कमी झालेले असतात, तर ३८ मीटर उगीचच वाढवून धरले जातात. उंची विचारू नये, भिंतीला उभं करून, पादत्राणं काढून मोजावी. वजनही त्याच दिवशीचं.

कासानोव्हाचं सूत्र नाडी विचारतं ही त्याची हुशारी. माणूस जीव तोडून चालला की रमतगमत, हे नाडीवरून कळतं. पण बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधाने दबलेली असते. वरच्याच उदाहरणात नाडी ७५ ऐवजी ६० टक्क्यांवर अडली तर अपेक्षा ५७४ वरून ५२९ वर येते आणि तेच ४८० मीटर ८४ ऐवजी ९१ टक्के होतात. गोळीमुळे माणूस कागदावर सुधारला. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अॅटेनोलॉल चालू असेल तर या सूत्राच्या वाटेला जाऊ नये.

रुग्णांच्या बाबतीत तर टक्के बाजूला ठेवून नुसते मीटर बघणं जास्त उपयोगी पडतं. सीओपीडी किती गंभीर आहे ते सांगणाऱ्या 'बोड' निर्देशांकात सरळ मीटरचे टप्पे आहेत: ३५० किंवा जास्त, मग २५० ते ३४९, मग १५० ते २४९, आणि त्याखाली. तिथे अपेक्षित अंतराचा संबंधच नाही. सुधारणा झाली का हे बघताना ३० मीटरचा बदल अर्थपूर्ण मानतात. मात्र पहिल्यांदा चाललेल्या माणसाला दुसऱ्यांदा चालवलं की काही उपचार न करताही सरासरी २६ मीटर जास्त भरतात, कारण किती वेगाने सुरुवात करायची हे त्याला कळलेलं असतं. म्हणून सुरुवातीलाच, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती देऊन, दोनदा चालवायचं आणि त्यातलं जास्त अंतर धरायचं. ज्या रिपोर्टवर एकच चाचणी आहे त्याची तीन महिन्यांनंतरच्या रिपोर्टशी तुलना करून 'तीस मीटर वाढले' असं सांगितलं जातं, त्यातले किती खरे वाढले आणि किती सरावाचे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

ज्यांना सहा मिनिटांची चाचणी हलकी पडते त्यांच्यासाठी शटल वॉक. सिंग आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये लेस्टरमध्ये ती मांडली. इथे वेग माणसाने ठरवायचा नाही, टेपवरच्या बीपने ठरवायचा. दोन कोन ९ मीटर अंतरावर, प्रत्येकाला वळसा धरून मार्ग १० मीटरचा, म्हणजे ही चाचणी लहान जागेतही नियमानुसार होते आणि पुण्यातल्या जागांचा विचार करता हाच तिचा मोठा फायदा. पहिल्या मिनिटाला वेग ताशी १.८ किलोमीटर, इतका हळू की लोक बीपच्या आधी पोचून ताटकळतात आणि पुढे निघून जातात. त्यांना पहिलं मिनिटभर सोबत चालून वेग लावून द्यायला परवानगी आहे, नंतर नाही. दर मिनिटाला वेग सेकंदाला ०.१७ मीटरने वाढतो. दर मिनिटाची एक पातळी, आणि इथे फेरी म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे १० मीटर. पहिल्या पातळीला ३ फेऱ्या, दुसऱ्या पातळीला ४, असं करत बाराव्या पातळीला १४. एकूण १०२ फेऱ्या, १०२० मीटर, शेवटचा वेग ताशी साडेआठ किलोमीटर. बीप वाजताना कोन अर्ध्या मीटरपेक्षा जास्त लांब राहिला आणि पुढच्या फेरीतही ती तूट भरून निघाली नाही की चाचणी संपते.

यासाठीही संदर्भसूत्रं आहेत. प्रोब्स्ट यांचं ब्राझीलमधलं २०१२ सालचं: १४४९.७०१, वजा ११.७३५ × वय, पुरुष असेल तर अधिक २४१.८९७, वजा ५.६८६ × बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा). आपल्या साठीच्या गृहस्थांचा बीएमआय २५, तर उत्तर ८४५ मीटर. हे ८४५ अकराव्या पातळीत येतात, तिथे वेग ताशी ७.९ किलोमीटर. इतक्या वेगाला बहुतेक जण पळायला लागतात. तेव्हा शटलच्या रिपोर्टवर अंतराच्या बरोबरीने शेवटची पातळी कोणती, चाचणी दमाने थांबली की पायांनी की वेग न जमल्याने, आणि पळायची मुभा दिली होती की नव्हती, एवढं लिहिलेलं असायला हवं. नसेल तर चाचणी घेणाऱ्याला विचारून कागदावर पेनाने लिहून घ्यावं.